वाचकांचे प्रश्न : भाच्याची मॅग्नम, आजोबांची रायफल आणि हलकं मॅगझिन

प्रश्न : माझा भाचा न्यूझीलंडला असतो, तिकडं लायसनवर थार (रानबोकडासारखा प्राणी) आणि हरणाच्या शिकारीला डोंगरात जातो. त्याची रायफल रेमिंग्टन ७०० लाँग ॲक्शन (लांब काडतुसांसाठीची) आहे, काडतूस .३०० विंचेस्टर मॅग्नम, खालचं झाकण उघडून काडतुसं काढायची. त्याला काढघाल करता येणारं हलकं मॅगझिन (काडतुसांची पेटी) बसवायचंय, कुठलं घ्यावं? आणि आमच्या घरात आजोबांची .३७५ मॅग्नम आहे, लायसन चालू आहे, तिलाही तसलंच एक दिवाळीला येताना बॅगेतनं घेऊन ये म्हणलंय त्याला, चालेल ना?
– एक वाचक, भुदरगड

उत्तर : काका, आधी दुसऱ्याचं सांगतो कारण ते घाईचं आहे. चालणार नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच सुटे भाग येतात, म्हणजे परवानगीशिवाय बॅगेतनं मॅगझिन आणणं हे शस्त्र आणण्यातच जमा होऊ शकतं, आणि विमानतळावर अडकणार तो पोरगा, तुम्ही नाही. काही आणायचंच असेल तर आधी कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा. आणि खरं सांगू, त्या रायफलीला गरजच नाही. वन्यजीव कायद्यानं शिकार बंद, दाजीपूरचा गवा आता बघायचा फक्त. आजोबांची आठवण म्हणून जपताय तर असलं मॅगझिन बसवायला मूळ लाकडाला पटाशी लावू देऊ नका, एकदा कोरलेलं परत भरून येत नाही.

आता भाच्याचं. थार हा मूळचा आपल्या हिमालयातला प्राणी, १९०४ ला तिकडं नेऊन सोडलेला, राहतो उभ्या कड्यात, त्यामुळं वजनाची काळजी त्याला वाटतीय ते बरोबरच आहे. पण नुसतं 'लाँग ॲक्शन' बघून मॅगझिन घेऊ नको म्हणावं, इथंच बरेच जण फसतात. .३०-०६ या दुसऱ्या काडतुसाची रायफल पण लाँग ॲक्शनच, पण तिच्या काडतुसाचं बूड १२ मिलिमीटर आणि मॅग्नमचं साडेतेरा, म्हणजे मॅगझिनचे काडतूस धरून ठेवणारे वरचे ओठ वेगळे लागतात, .३०-०६ च्या मॅगझिनमध्ये मॅग्नम घुसवलं तर बोल्ट (काडतूस नळीत सारणारा दांडा) पुढं ढकलताना काडतूस तिरकं होऊन बसतंय. नावात 'मॅग्नम' असलेलंच घ्यायचं. मॅगपुलचं पाच काडतुसांचं एआयसीएस पद्धतीचं (काढघाल मॅगझिनचं एक प्रचलित माप) लाँग मॅग्नम मॅगझिन पॉलिमरचं आहे, स्टीलच्यापेक्षा हलकं, थंडीत हाताला चटका देत नाही. पण ते थेट त्याच्या रायफलीत बसणार नाही, खालचं झाकण काढून दुसरी फ्रेम बसवावी लागते, दस्ता (रायफलीचं लाकूड) कोरावा लागतो, नाहीतर त्याच मापाचा दस्ताच नवा घ्यायचा. फ्रेम ॲल्युमिनियमची घेतली नाही तर मॅगझिनमध्ये वाचवलेलं वजन तिथंच परत येतं.

आणखी एक, पाच काडतुसांचं मॅगझिन दस्त्याच्या खाली बाहेर डोकावतं, नेमकं तिथंच जिथं एका हातानं रायफल धरून चालताना मूठ बसते. दिवसभर डोंगर चढणाऱ्याला हे फार खुपतं. मी असतो तर तीनचं, दस्त्याशी सपाट बसणारं शोधलं असतं. मॅग्नमचं एक काडतूस साधारण ३० ग्रॅमचं, दोन कमी म्हणजे ६० ग्रॅम तिथंच कमी झाले, आणि शिकारीत पहिली गोळीच कामाची असते हो.

घ्यायच्या आधी कॅलिपरनं आतली लांबी मोजायला सांगा. .३०० विंचेस्टर मॅग्नमचं काडतूस ठरलेल्या मापानं ८४.८ मिलिमीटर लांब असतं, तो काडतुसं घरी स्वतः तयार करत असेल आणि लांब गोळी वापरत असेल तर त्याहून जास्त. जागा पुरली नाही तर मॅग्नमच्या धक्क्यानं काडतुसं पुढच्या भिंतीवर आपटून टोकं चेपतात, मी हे बघितलंय, पाच काडतुसातल्या शेवटच्याचं टोक पार बोथट झालेलं.

बसवल्यावर नकली काडतुसं भरून बोल्ट सावकाश एकदा आणि जोरात एकदा, पूर्ण मॅगझिन दहा-पंधरा वेळा रिकामं करून बघायचं. या काडतुसाला बुडाशी जो पट्टा असतो तो खालच्या काडतुसाला अडू शकतो, आणि अडला तर तो सावकाश चालवतानाच कळतो. मग मॅगझिन भरून बोटानं वर दाबून बघायचं, मॅगझिन धरून ठेवणारा खटका सुटतोय का, कारण कड्यावर रायफल दगडाला टेकवली आणि मॅगझिन खाली दरीत गेलं तर हातात एकच गोळी उरते.