वाचकांचे प्रश्न : बटाटा, वाटाणा आणि मे महिन्यातली परीक्षा

प्रश्न : माझी मुलगी इंदूरच्या एका सीबीएसई शाळेत अकरावी विज्ञानला आहे. पदवीसाठी परदेशी विद्यापीठात अर्ज करण्याचा विचार असल्यामुळे ती येत्या मे महिन्यात अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाची एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) बायोलॉजी ही परीक्षा देणार आहे. एनसीईआरटीचे पुस्तक तिला जवळजवळ तोंडपाठ आहे आणि शाळेत गुणही उत्तम पडतात. परंतु एपीचे जुने दीर्घोत्तरी प्रश्न सोडवायला बसली की निम्मेही गुण होत नाहीत. आम्ही दोघेही वाणिज्य शाखेचे. आणखी पुस्तके आणावीत, की शिकवणी लावावी?
— एक आई, स्नेहलतागंज

उत्तर : पुस्तके पुरेशी आहेत आणि शिकवणीचीही तूर्त घाई करू नये. आपल्या पत्रातला ‘तोंडपाठ’ हा शब्द मात्र मला महत्त्वाचा वाटतो. एपीची परीक्षा तीन तासांची असून पहिल्या नव्वद मिनिटांत 60 बहुपर्यायी प्रश्न आणि उरलेल्या नव्वद मिनिटांत सहा लेखी प्रश्न सोडवायचे असतात. दोन्ही भागांना निम्मे निम्मे वजन असते आणि निकाल 1 ते 5 या श्रेणीत लागतो. सहा लेखी प्रश्नांपैकी बहुतेकांत विद्यार्थ्याने कधीही न पाहिलेला एखादा प्रयोग, तक्ता, आलेख किंवा आकृती पुढे ठेवलेली असते आणि तिच्यावरून काय म्हणता येते, काय म्हणता येत नाही, हे विचारलेले असते. तंतुकणिकेची (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाची) व्याख्या तिथे कोणी विचारत नाही. तिचे एक विशिष्ट प्रथिन बंद पाडले तर पेशीतील एटीपीचे (ऊर्जा वाहून नेणाऱ्या रेणूचे) काय होईल आणि का, हे विचारतात. ज्या मुलीला व्याख्या येते तिला उत्तराचे सामान आधीच मिळालेले आहे, ते वापरायची सवय तेवढी लावायची आहे.

अभ्यासक्रमाचे म्हणाल तर पेशी, जैवरेणू, श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण अकरावीत होते, पण आनुवंशिकता, जनुकांचे नियंत्रण, उत्क्रांती आणि परिसंस्था हे सारे बारावीत येते, म्हणून बारावीची तेवढी प्रकरणे तिने फेब्रुवारीपर्यंत वाचून काढावीत. वनस्पतींचे वर्गीकरण आणि माणसाच्या अवयवांची बारीकसारीक रचना यांवर एपीसाठी रात्री जागवू नयेत. पेशींमधील संदेशवहनाला मात्र एनसीईआरटीत फार थोडी जागा आहे, आणि ज्या प्रकरणात जलविभव (पाणी कुठून कुठे सरकेल हे ठरवणारे माप) शिकवले जाई ते ‘वनस्पतींमधील वहन’ हे प्रकरण अलीकडे अकरावीच्या पुस्तकातून वगळले गेले आहे. एपीत ते आहे. या वगळावगळीचा मला आजही राग येतो, पण तो विषय वेगळा.

जलविभव समजून घेण्यासाठी स्वयंपाकघर पुरेसे आहे, आणि माळव्यात बटाट्याला तोटा नाही. पाच पेल्यांत प्रत्येकी 200 मिलिलिटर द्रावण करावे : एकात नुसते पाणी आणि उरलेल्या चारांत साखर अनुक्रमे सुमारे 13.7, 27.4, 41 आणि 54.7 ग्रॅम, म्हणजे 0.2, 0.4, 0.6 आणि 0.8 मोलर (मोलर हे द्रावणाच्या संहतीचे, म्हणजे तीव्रतेचे एकक). एकाच बटाट्याच्या सारख्या मापाच्या, साल काढलेल्या कांड्या कापून, वजन करून प्रत्येक पेल्यात एकेक टाकावी आणि रात्रभर झाकून ठेवावी. सकाळी फडक्याने टिपून पुन्हा वजन करावे. त्यासाठी ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा लागेल. घरी नसल्यास सराफ्यात एखाद्या ओळखीच्या दुकानात विचारावे (रात्री तिथे खायला जाणाऱ्यांना दिवसा तो बाजार सोन्याचा असतो याचा विसर पडतो). साध्या पाण्यातली कांडी ताठ आणि जड झालेली असेल, तर सर्वांत गोड पाण्यातली लुळी पडून बोटाभोवती वळेल. वजनातील बदलाची टक्केवारी काढून आलेख काढला की रेषा जिथे शून्याला छेदते, तेवढ्या संहतीच्या द्रावणाचे जलविभव बटाट्याच्या जलविभवाएवढे असते. समजा ती संहती 0.3 मोलर आली आणि तापमान 27 अंश असले, तर सूत्राने उत्तर सुमारे उणे 7.5 बार (बार हे दाबाचे एकक) येते. कांडीचे ‘वजन’ न घेता ‘टक्केवारी’ का घेतली, हे तिने स्वतःच्या शब्दांत दोन ओळींत लिहावे. परीक्षक नेमके असेच प्रश्न विचारतात.

दुसरी अडचण काय-स्क्वेअर चाचणीची, म्हणजे मोजलेले आकडे अपेक्षित आकड्यांशी कितपत जुळतात हे तपासण्याच्या गणिताची असते. मेंडेलने 1866 साली छापलेल्या निबंधात वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीत जांभळ्या फुलांची 705 आणि पांढऱ्या फुलांची 224 झाडे नोंदवली आहेत. एकूण 929 झाडांत तीनास एक या प्रमाणाने 696.75 आणि 232.25 अपेक्षित होती. दोन्हीकडे फरक 8.25 चा, त्याचा वर्ग अपेक्षित संख्येने भागून बेरीज केली की सुमारे 0.39 येते, आणि एका स्वातंत्र्यमात्रेसाठी (प्रकार दोन, त्यातून एक वजा) मर्यादा 3.84 आहे, म्हणजे फरक योगायोगाचा असू शकतो. इथवर सगळ्यांना जमते. पुढे पुष्कळ मुले ‘म्हणून तीनास एक हे प्रमाण सिद्ध झाले’ असे लिहून गुण गमावतात. शून्य गृहीतक (फरक निव्वळ योगायोगाचा आहे हे गृहीत) नाकारायला पुरावा नाही, एवढेच म्हणायचे असते.

प्रश्नातले क्रियापदही पेन्सिलीने अधोरेखित करण्याची सवय हवी. ‘ओळखा’ असेल तर एक वाक्य पुरते, ‘स्पष्ट करा’ असेल तर कारण आणि यंत्रणा दोन्ही हवीत, ‘समर्थन करा’ असेल तर तक्त्यातील आकडा उत्तरात दिसलाच पाहिजे. प्रास्ताविकाला गुण नाहीत. 2025 पासून प्रश्न संगणकाच्या पडद्यावर दिसतात, पण लेखी उत्तरे हातानेच लिहावी लागतात, म्हणून सराव कागदावर आणि घड्याळ लावून करावा.

प्रश्न : मी बारावीत असून नीटची तयारी करतो आहे. त्याच तयारीत एपी बायोलॉजीही उरकेल का?
— एक विद्यार्थी, सुदामा नगर

उत्तर : विषयाची ओळख होईल, तयारी होणार नाही. नीटमध्ये जीवशास्त्राचे 90 प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, त्यामुळे शंका असेल तिथे सोडून देण्याची सवय लागते. एपीत गुण कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. शिवाय नीट गेली काही वर्षे मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होते आणि एपीच्या परीक्षाही त्याच पंधरवड्यात असतात. डॉक्टर होण्याचेच पक्के असेल तर यंदा एपीच्या वाटेला जाऊ नकोस. आणि द्यायचीच असेल, तर नोंदणीची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते, तेव्हा केंद्राची चौकशी आजच कर.