तीन आठवडे हाती असतील तर मोझांबिकला जावे का, आणि तिथे काय पाहावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: थायलंड आणि बाली पाहून झाले आहेत, आता गर्दी नको आहे, जुनी शहरे, समुद्रकिनारे आणि जंगल हे तिन्ही एकाच देशात पाहायचे आहे, आणि कुणीतरी आग्नेय आफ्रिकेतल्या मोझांबिकचे नाव सुचवले आहे, परंतु बातम्यांमध्ये त्या देशाविषयी चक्रीवादळे आणि हिंसाचार यांखेरीज काहीच वाचायला मिळत नाही, तेव्हा पती-पत्नी दोघांनी तीन आठवड्यांसाठी तिथे जावे का? मी नोकरीनिमित्त 2015 ते 2019 अशी चार वर्षे मापुतोत राहिलो आणि 2023मध्ये पत्नीसह तीन आठवडे केवळ फिरण्यासाठी पुन्हा गेलो. माझे उत्तर असे आहे की अवश्य जावे, मात्र सगळा देश पाहण्याचा हट्ट धरू नये.

मोझांबिकचा किनारा सुमारे 2,500 किलोमीटर लांब आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि राजधानी मापुतो त्याच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. उत्तर टोकाच्या काबो देलगादो प्रांतात ऑक्टोबर 2017पासून सशस्त्र हिंसाचार चालू आहे. पेंबा शहर, इबो बेट आणि किरिंबा द्वीपसमूह हे सारे त्याच प्रांतात येते, त्यामुळे ते कितीही सुंदर असले तरी या प्रवासातून वगळा. शेजारच्या नांपुला प्रांताच्या उत्तर भागातही अधूनमधून हल्ले झाले आहेत. मी ज्या बेटाचा पुढे आग्रह धरणार आहे ते याच प्रांताच्या किनाऱ्यावर, बरेच दक्षिणेला आहे, तरी तिकीट काढण्यापूर्वी तिथली त्या वेळची परिस्थिती भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचनांवरून तपासून घ्यावी. ऑक्टोबर 2024च्या निवडणुकीनंतर मापुतोसह अनेक शहरांत काही महिने मोठी निदर्शने आणि जाळपोळ झाली होती, हेही आपल्याला ठाऊक असावे.

जाण्याचा काळ मे ते ऑक्टोबर हाच ठेवा. हा देश दक्षिण गोलार्धात असल्याने पाऊस आणि चक्रीवादळे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात येतात. मार्च 2019मध्ये इदाई वादळाने देशाच्या मध्य किनाऱ्यावरचे बेइरा शहर उद्ध्वस्त केले तेव्हा मी मापुतोत होतो, आणि कार्यालयातले सहकारी तिकडच्या नातेवाइकांचा फोन लागण्याची दिवसचे दिवस वाट पाहत बसलेले मी पाहिले आहेत. मलेरिया देशभर आहे, म्हणून प्रतिबंधक गोळ्यांविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि मच्छरदाणीशिवाय झोपू नये. कारभाराची भाषा पोर्तुगीज आहे आणि इंग्रजी फार थोडे लोक बोलतात. पण मराठी माणसाला तिथल्या बाजारात एक वेगळाच आनंद मिळतो, कारण बटाट्याला ‘बताता’, काजूला ‘काजू’, चावीला ‘शाव्ह’ आणि पावाला ‘पांव’ म्हणतात, आणि हे शब्द आपल्याकडे ज्या वाटेने आले त्याच वाटेवर आपण उभे आहोत हे भाजी घेताना लक्षात येते.

मापुतोला किमान चार दिवस द्या. बहुतेक प्रवासी विमानतळावरून थेट किनाऱ्याकडे निघून जातात, आणि माझ्या मते ही मोठी चूक आहे. 1976पर्यंत या शहराचे नाव लोरेंसू मार्किश असे होते. स्वातंत्र्यानंतर नाव बदलले, रस्त्यांनाही नवी नावे मिळाली, आणि त्यामुळे कार्ल मार्क्स, हो चि मिन्ह आणि जुलियस न्येरेरे यांच्या नावांच्या रुंद रस्त्यांवरून आपण जकरंदा आणि गुलमोहर यांच्या सावलीत चालत राहतो. आपला मे महिन्यातला गुलमोहर तिथे नोव्हेंबर-डिसेंबरात फुलतो. तांब्याच्या घुमटाचे रेल्वे स्थानक आयफेलने बांधले असे अनेकजण सांगतात, पण ते खरे नाही. त्याच्या नावाशी जोडले जाते ते बागेजवळचे लोखंडी घर. 1892च्या सुमारास गव्हर्नरसाठी युरोपातून सुटे भाग आणून ते उभारले गेले, पण लोखंडी भिंती उन्हाने इतक्या तापत की त्यात राहणे अशक्य झाले. वास्तुरचनेत रस असेल तर पांशू गेदेश या वास्तुविशारदाच्या 1950च्या दशकातील इमारती शोधून पाहाव्यात. त्यांपैकी ‘हसरा सिंह’ या इमारतीसमोर मी अनेक रविवार घालवले आहेत. निसर्ग-इतिहास संग्रहालयात हत्तीच्या 22 महिन्यांच्या गर्भवाढीचे टप्पे दाखवणारे 14 गर्भ जतन केलेले आहेत. ते पाहणे सोपे नाही, पण ते पाहिल्यावर पुढे ज्याविषयी सांगणार आहे त्या गोरोंगोझा उद्यानातले हत्ती वेगळ्या दृष्टीने दिसतात.

मापुतोत खाण्याविषयी सांगायचे तर मासळी बाजारात कोळंबी किंवा मासा वजनावर घ्यावा आणि शेजारच्या चुलीवर पिरी-पिरी मिरचीच्या वाटणात भाजून घ्यावा. आपण शाकाहारी असाल तर अडचण होईल, पण उपाशी राहणार नाही. सकाळी रस्त्यावर चवळीच्या जातीच्या कडधान्याची भजी पावात घालून विकतात, तिला तिथे ‘बाजिया’च म्हणतात, आणि कामगार, विद्यार्थी, शिपाई सगळे हेच खाऊन कामाला लागतात. मातापा नावाची भाजी कसाव्याची पाने कांडून, शेंगदाण्याचे कूट आणि नारळाचे दूध घालून करतात. मात्र तीत बहुधा कोळंबी किंवा खेकडा असतो, म्हणून आधी विचारावे. जवळच्या फेऱ्यांसाठी तीनचाकी रिक्षा मिळते, तिला ‘चोपेला’ म्हणतात.

किनाऱ्यासाठी इन्यांबाने आणि विलांकुलो ही दोन ठिकाणे पुरेशी आहेत. मापुतो ते विलांकुलो हे अंतर सुमारे 700 किलोमीटर आहे. पहिल्या वर्षी मी ते मोटारीने एका दिवसात कापण्याचा प्रयत्न केला, वाटेत अंधार झाला, आणि दिवे नसलेले ट्रक, कडेने चालणारी माणसे आणि गुरे यांच्यामधून शेवटचे दोन तास जीव मुठीत धरून काढले. रात्री गाडी चालवू नये हा त्या देशातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. इन्यांबानेला मुक्काम करावा. ते खाडीकाठचे शांत, जुने गाव आहे, आणि 1498च्या जानेवारीत वास्को द गामाने या परिसराला ‘भल्या लोकांची भूमी’ म्हटले, ही ओळख गावाने आजवर जपली आहे. समोरच्या माशिशी गावाला जाणारी प्रवासी होडी सकाळच्या वेळी घ्यावी, कारण तेव्हा शिडाच्या होड्याही मासळी घेऊन परतत असतात. जवळच्या तोफो किनाऱ्यावर देवमाशाएवढा वाटणारा पण निरुपद्रवी असलेला व्हेल शार्क आणि मांटा रे हा मोठा चपटा मासा पाहण्यासाठी जगभरातून पाणबुडे येतात, आणि जुलै ते ऑक्टोबर या काळात कुबडे देवमासे किनाऱ्यावरूनही दिसू शकतात. वाटेत झावालाच्या परिसरात चोपी लोकांच्या तिंबिला या लाकडी पट्ट्यांच्या आणि भोपळ्यांच्या वाद्याचा वृंद ऐकायला मिळाला तर प्रवास एक दिवस लांबवावा.

विलांकुलोहून बाझारुतो द्वीपसमूहाकडे होड्या जातात. 1971पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. ओहोटीला समुद्र इतका मागे सरतो की होड्या वाळूवर कलंडून राहतात, त्यामुळे इथला दिवस घड्याळाप्रमाणे नव्हे, भरती-ओहोटीप्रमाणे आखावा लागतो, आणि नावाड्याने निघण्याची जी वेळ सांगितली असेल ती पाळावी लागते. पश्चिम हिंदी महासागरात समुद्रगायींची, म्हणजे ड्युगाँगची, सर्वांत मोठी वस्ती याच उथळ, समुद्री गवताच्या पाण्यात उरली आहे. मला त्या दिसल्या नाहीत, आणि आपल्यालाही बहुधा दिसणार नाहीत, पण त्यांच्यासाठी मोटारबोटीऐवजी शिडाची होडी निवडावी अशी माझी विनंती आहे.

बेइराहून गोरोंगोझा राष्ट्रीय उद्यानाला जाता येते. तीन रात्री पुरेशा आहेत, आणि पावसाळ्यात उद्यान बंद असते. 1960मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानातल्या प्राण्यांची 1977 ते 1992 या यादवी युद्धात अक्षरशः कत्तल झाली. मांसासाठी आणि हस्तिदंतासाठी प्राणी मारले गेले आणि सुमारे अडीच हजार हत्तींपैकी अडीचशेही उरले नाहीत. सुळे नसलेल्या हत्तिणी शिकाऱ्यांच्या गोळीतून अधिक प्रमाणात वाचल्या, त्यांच्या मुली पुढे वाढल्या, आणि म्हणून आजही तिथल्या अनेक हत्तिणी बिनसुळ्यांच्या दिसतात. 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने यामागचे आनुवंशिक कारण दाखवून दिले. गेल्या दोन दशकांत उद्यान पुन्हा उभे राहिले आहे. उरेमा सरोवराभोवतीच्या गवताळ पूरमैदानावर वॉटरबक या हरणासारख्या प्राण्यांचे कळप क्षितिजापर्यंत पसरलेले दिसतात, आणि गोरोंगोझा डोंगरावर तोडलेले जंगल परत यावे म्हणून देशी झाडांच्या सावलीत कॉफी लावली जाते. सिंह जवळून पाहणे एवढाच उद्देश असेल तर आफ्रिकेत इतर सोयीची उद्याने आहेत. इथे यावे ते एक जंगल पुन्हा जिवंत होताना पाहण्यासाठी.

शेवटचे पाच दिवस इल्या दि मोझांबीक या बेटासाठी राखून ठेवा. देशाला नाव मिळाले ते या बेटावरून. जेमतेम 3 किलोमीटर लांब आणि फार तर अर्धा किलोमीटर रुंद असलेले हे बेट 1898पर्यंत पोर्तुगीज मोझांबिकची राजधानी होते, आणि 1752पर्यंत इथला कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता. उत्तरेकडे प्रवाळाच्या दगडांचे आणि चुन्याचे शहर आहे, दक्षिणेकडे मकुती नगर, आणि मकुती म्हणजे माडाच्या झावळ्या. दगडी शहरासाठी लागणारा दगड दक्षिणेकडच्या जमिनीतून खणून काढला गेला, त्यामुळे मकुती नगरातली घरे आजही रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली, खड्ड्यात आहेत. कोणी कोणासाठी काय दिले हे या बेटावर पायऱ्या उतरताना कळते. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही, म्हणून सेंट सेबॅस्टियन किल्ल्यात पावसाचे पाणी टाक्यात साठवले जाई. 1607 आणि 1608मध्ये डचांनी वेढा घालूनही हा किल्ला पडला नाही. त्याच्या टोकाशी 1522मधले छोटे प्रार्थनामंदिर आहे. गव्हर्नरच्या जुन्या वाड्यातल्या संग्रहालयात गोव्याच्या कारागिरांनी घडवलेले शिसवी फर्निचर मांडलेले आहे, आणि गावात मशिदींबरोबर एक हिंदू मंदिरही आहे.

हे सारे पाहताना आपलेपणा वाटतो, आणि तो खराही आहे. पण त्याची दुसरी बाजू आपण झाकू नये असे मला मनापासून वाटते. दीव आणि दमणहून आलेले कापड इथे हस्तिदंताच्या बदल्यात जसे विकले गेले तसेच माणसांच्या बदल्यातही विकले गेले, आणि गुलाम म्हणून नेलेली या भागातल्या मकुआ समाजाची माणसे ब्राझील आणि मस्करीन (मॉरिशस, रियुनियन) बेटांप्रमाणे गोवा, दमण, दीवलाही पोहोचली. समुद्राकाठी त्यांच्या स्मरणार्थ एक बाग आहे. संग्रहालय पाहून झाल्यावर त्याच दिवशी तिथे जावे. संध्याकाळी चेहऱ्यावर मुसिरोचा पांढरा लेप लावलेल्या बायका दाराशी बसलेल्या दिसतील. लाकूड दगडावर उगाळून हा लेप करतात, अगदी आपण सहाण-चंदन उगाळतो तसा. त्यांचा फोटो परवानगीशिवाय काढू नये.

परतताना बेट आणि मुख्य भूमी यांना जोडणारा, साडेतीन किलोमीटरांहून थोडा कमी लांबीचा अरुंद पूल ओलांडून सुमारे 180 किलोमीटरवरच्या नांपुला विमानतळावर यावे लागते. सकाळचे विमान घेऊ नका. दुपारचे घेतले तर उजाडल्यावर निघता येते, आणि सपाट माळरानातून एकाएकी उभे राहिलेले, उघडे, काळसर ग्रॅनाइटचे प्रचंड डोंगर कोवळ्या उन्हात खिडकीतून दिसत राहतात. आम्ही पहिल्या खेपेला तो रस्ता अंधारात ओलांडला होता, आणि ते डोंगर तिथे आहेत हे मला आठ वर्षे ठाऊकच नव्हते.