सफरचंद दिसतं, पुढे सरकत नाही: लॅपटॉपवरच्या मॅकओएसबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळचे बहुतेक प्रश्न ॲपलचा नसलेल्या लॅपटॉपवर मॅकओएस टाकताना येणाऱ्या अडचणींचे आहेत. उत्तरांआधी दोन गोष्टी माहीत असू द्या. ॲपलच्या परवान्यात ही प्रणाली फक्त ॲपलच्याच संगणकावर वापरायची मुभा आहे, त्यामुळे तुम्ही करता ते परवान्याबाहेरचं आहे आणि काही बिघडलं तर कंपनीकडे दाद मागता येणार नाही. दुसरं, 2025 मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. शिकण्यासाठी करायचं असेल तर जरूर करा. त्यातून संगणक आतून कळतो, हे मी मनापासून सांगतो.

प्रश्न: माझा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ आहे. फायनल कट प्रो वापरायचं म्हणून आठव्या पिढीच्या आय 5 लॅपटॉपवर (यूएचडी 620, सोबत एनव्हिडिया एमएक्स 150) मॅकओएस टाकतो आहे. माझ्याच मॉडेलचं तयार ईएफआय फोल्डर (मॅकओएस सुरू करून देणाऱ्या फाइलींचं) उतरवून पेनड्राइव्हवर टाकलं. सफरचंद येतं आणि अर्ध्या पट्टीवर सगळं थांबतं. काय करू?
– एक वाचक, दारव्हा

दादा, ‘अर्ध्या पट्टीवर थांबलं’ एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येणार नाही. ओपनकोअर म्हणजे अशा लॅपटॉपवर मॅकओएस सुरू करून देणारा प्रोग्रॅम. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये बूट-आर्ग्स नावाची ओळ असते. तिथे ‘-व्ही’ लिहा, म्हणजे हायफन आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान व्ही. आता सफरचंदाऐवजी पांढरी अक्षरं धावतील. थांबतील तिथे मोबाइलने फोटो काढा. शेवटच्या चार-पाच ओळी म्हणजेच तुमचं उत्तर.

त्या ओळींत ‘एक्झिटबीएस स्टार्ट’ असं दिसत असेल, तर मॅकचा गाभा (कर्नल) सुरूच झालेला नाही. दोष बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, किंवा कॉन्फिगच्या बूटर विभागात आहे. बायोसमध्ये सिक्युअर बूट, फास्ट बूट आणि सीएसएम बंद आहेत का ते पाहा. सीएफजी लॉक बंद करायची सोय लॅपटॉपच्या बायोसमध्ये सहसा नसते. मग कॉन्फिगच्या कर्नल विभागातला ‘ॲपल एक्ससीपीएम सीएफजी लॉक’ हा पर्याय चालू करावा लागतो. तो राहिला तर गाभा सुरू होता होताच कोसळतो.

‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ दिसलं, किंवा गोलात तिरपी रेघ असलेलं मनाईचं चिन्ह आलं, तर गाभा सुरू झाला आहे, पण त्याला पेनड्राइव्ह सापडत नाही. दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहा, यूएसबी 2 चं पोर्ट असेल तर आधी तेच. कायमचा उपाय म्हणजे त्या लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टचा नकाशा बनवणं.

अक्षरं बरीच धावली आणि मग पडदा काळा झाला, तर दोष ग्राफिक्सचा. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते. यूएचडी 620 चालतं, पण त्याला योग्य प्लॅटफॉर्म आयडी (ग्राफिक्स कसं चालवायचं हे मॅकओएसला सांगणारा क्रमांक) द्यावा लागतो आणि बहुधा डिव्हाइस आयडीही. बायोसने ग्राफिक्ससाठी 64 एमबीपेक्षा कमी मेमरी राखली असेल, तर ‘स्टोलनमेम’चा पॅच लागतो. एमएक्स 150 चा विषय मात्र सोडून द्या. पास्कल पिढीच्या एनव्हिडिया कार्डांचा ड्रायव्हर हाय सिएराच्या पुढे आलाच नाही. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात तेव्हा हे दुसरं कार्ड व्हॉटएव्हरग्रीन या केक्स्टच्या (मॅकओएसला लावायच्या ड्रायव्हरसारख्या जोडाच्या) पर्यायाने बंदच करायचं असतं.

आता त्या तयार फोल्डरबद्दल. मॉडेल एकच असलं तरी आतलं वायफाय कार्ड, टचपॅड, एसएसडी आणि बायोसची आवृत्ती वेगळी असू शकते. शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं पीककर्ज मागण्यासारखं आहे ते. शिवाय अशा फोल्डरमध्ये दुसऱ्याचाच सिरीयल नंबर भरलेला असतो, आणि तोच नंबर अनेकांनी वापरला की ॲपल आयडी आणि आयमेसेज अडकतात. ओपनकोअरसोबत येणारी कोरी नमुना फाइल घ्या आणि आपल्या प्रोसेसरच्या पिढीप्रमाणे स्वतः भरा. दोन संध्याकाळी जास्त जातील, पण पुढे अडलं तर कुठे हात घालायचा हे तुम्हाला ठाऊक असेल.

आणि एक विनंती. तुळशीचं लग्न झालं की तुमचा हंगाम सुरू होतो. गिऱ्हाइकाचं फुटेज या मशीनच्या भरवशावर ठेवू नका. दाविंची रिझॉल्व्ह विंडोजवर चालतं, त्याची मोफत आवृत्तीही आहे. कमाईचं काम तिथे करा.

प्रश्न: मी इंजिनीअरिंगला आहे. इन्स्टॉलर सुरू होतो, पण डिस्क युटिलिटीत फक्त पेनड्राइव्ह दिसतो, लॅपटॉपची एसएसडी दिसतच नाही. विंडोज पण ठेवायचं आहे.
– एक विद्यार्थिनी, आर्वी

आधी डिस्क युटिलिटीच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवड. तरीही एसएसडी दिसली नाही, तर बायोसमध्ये साटा मोड बघ. बऱ्याच लॅपटॉपवर तो इंटेल आरएसटी किंवा ‘रेड’वर (आरएआयडी) असतो आणि मॅकओएसला त्यामागची डिस्क दिसत नाही. एएचसीआय हवं.

पण थांब, लगेच बदलू नकोस. तसाच बदललास तर विंडोज निळ्या पडद्यावर पडेल. आधी विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते तपास. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घे किंवा बिटलॉकर बंदच कर, कारण सिक्युअर बूट बंद केल्यावरही ती की मागितली जाऊ शकते. मग एमएसकॉन्फिगमधून सेफ मोड निवड, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय कर, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू दे आणि नंतर सेफ मोड काढून टाक.

डिस्क दिसली तरी आणखी एक अडथळा येऊ शकतो. विंडोजने बनवलेलं ईएफआय विभाजन पुष्कळदा 100 एमबीचंच असतं. त्याच डिस्कवर एपीएफएस (मॅकची फाइलरचना) करायला मॅकला ते किमान 200 एमबीचं लागतं, नाहीतर ‘जागा पुरेशी नाही’ असा संदेश येतो आणि 300 जीबी रिकामी असूनही जागा कशी नाही म्हणून माणूस चक्रावतो. विभाजनांना हात लावण्याआधी प्रोजेक्टच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घे.

प्रश्न: सर, आमच्या गावात लाईन कधी जाईल याचा काही नेम नाही. नेट मोबाइलचंच. रिकव्हरीतून डाउनलोड सुरू करतो अन् मधातच बंद पडते. एकदा तर इन्स्टॉलर डॅमेज आहे म्हणते. काहून असं होते?
– एक वाचक, मूल तालुका

भाऊ, तुम्ही वापरता तो पेनड्राइव्ह फक्त सुरुवात करून देतो. खरा इन्स्टॉलर, म्हणजे 12 जीबी किंवा त्याहूनही मोठा माल, तो त्याच वेळी ॲपलच्या सर्व्हरवरून ओढतो. गावातल्या मोबाइल नेटवर हे धकणार नाही. शिवाय अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग मॅकओएस आपणहून ओळखत नाही. ग्रामपंचायतीत किंवा ओळखीच्या घरी फायबर असेल, तर लॅपटॉप तिथे न्या आणि राउटरला लॅनची वायर लावा. रिअलटेकचं लॅन त्याचा केक्स्ट टाकला की सहसा चालतं, वायफायचा भरवसा धरू नका. ओळखीत कोणाकडे खरा मॅक असेल तर आणखी चांगलं. त्यावर पूर्ण इन्स्टॉलर उतरवून पेनड्राइव्ह बनवा, मग नेटची गरज पडत नाही. नव्या आवृत्त्यांसाठी 32 जीबीचा घ्या.

‘डॅमेज’चा संदेश पुष्कळदा फाइलचा नसतो, तारखेचा असतो. जुन्या लॅपटॉपमधला बायोसचा सेल मेलेला असला की लाईन जाताच घड्याळ अनेक वर्षं मागे जातं. मग इन्स्टॉलरचं प्रमाणपत्र जुळत नाही. रिकव्हरीत टर्मिनल उघडा, इंग्रजीत ‘डेट’ टाइप करा, एक जागा सोडा आणि महिना, तारीख, तास, मिनिटं, वर्ष प्रत्येकी दोन आकड्यांत सलग लिहून एंटर दाबा. 15 मार्च 2026, सकाळी साडेदहा असेल तर 0315103026. नवा सेलही बसवून घ्या, फार महाग नसतो.

इन्स्टॉल चालू असताना बॅटरी किती उरली ते कळेलच असं नाही, म्हणून अशक्त बॅटरीच्या लॅपटॉपला इन्व्हर्टरची लाईन द्या. मध्येच बंद पडलाच तर अर्धवट विभाजन पुसून नव्याने सुरू करा, तेच बरं. मे महिन्यात दुपारी तर करूच नका. तापलेला लॅपटॉप अडकला की दोष कॉन्फिगचा की उन्हाचा, हेच समजत नाही.

प्रश्न: नवीन लॅपटॉप घेतला, बाराव्या पिढीचा इंटेल, आयरिस एक्सई ग्राफिक्स. कोणती कॉन्फिग वापरू?
– एक वाचक, तिरोडा

कोणतीच नाही. ॲपलने अकराव्या पिढीपासूनचे इंटेल ग्राफिक्स कोणत्याही मॅकमध्ये वापरलेच नाहीत, म्हणून त्यांचा ड्रायव्हर मॅकओएसमध्ये नाही. पडदा दिसला तरी खिडकी हलवताना अडखळेल. लॅपटॉप चांगला आहे. वेगळं काही शिकायचं असेल तर त्यावर लिनक्स टाका.

प्रश्न: माझं सेवा केंद्र आहे. एका मशीनवर मॅकओएस टाकलं आहे आणि ते चालतंही, पण पेनड्राइव्ह काढला की थेट विंडोज उघडतं. आणि विंडोजमध्ये वेळ नेहमी मागे दिसते.
– एक केंद्रचालक, मेहकर

पहिलं सोपं आहे. ओपनकोअर अजून पेनड्राइव्हवरच आहे. पेनड्राइव्हच्या ईएफआय विभाजनातलं ओसी फोल्डर लॅपटॉपच्या डिस्कवरच्या ईएफआय विभाजनात कॉपी करा. तिथलं मायक्रोसॉफ्टचं फोल्डर पुसू नका. मग बायोसमध्ये ओपनकोअरची नोंद पहिल्या क्रमांकावर आणा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर क्रम पुन्हा बदलू शकतो, म्हणून चालणारा पेनड्राइव्ह तसाच जपून ठेवा.

वेळ साडेपाच तास मागे दिसत असेल तर बिघाड काही नाही. मॅकओएस मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत टाइमझोन इन्फर्मेशनखाली ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ ही नोंद, अक्षरं जोडून, 1 या किमतीने टाकली की दोघांचं जुळतं.

मात्र केंद्राच्या कामाच्या मशीनवर हे ठेवू नका असंच मी सांगेन. अंगठ्याच्या यंत्राची आरडी सेवा बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळते, आणि पीकविम्याची शेवटची तारीख असताना दारात रांग लागली की बूटचा क्रम दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. मॅकओएससाठी वेगळी एसएसडी घ्या आणि घरच्या लॅपटॉपमध्ये लावा.