फिजिक्समध्ये मास्टर्स झालंय, बायोलॉजी शाळेनंतर सुटली. लाइफ सायन्सेसमध्ये इंटरडिसिप्लिनरी पीएचडी झेपेल का?

झेपेल. बायोलॉजी कच्ची असणं हा यातला त्यातल्या त्यात सोपा प्रॉब्लेम आहे. व्यंकी रामकृष्णन यांनी 1976 मध्ये फिजिक्सची पीएचडी संपवली आणि त्यानंतर परत विद्यार्थी होऊन बायोलॉजी शिकायला बसले, पुढे रायबोसोमच्या (पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र) रचनेवरच्या कामासाठी 2009 चं नोबेल मिळालं, तेही केमिस्ट्रीचं. तुम्ही तर पीएचडीच्या आधीच वळताय.

त्रास होतो तो दोन लॅबच्या मधे राहण्याचा. माझी पीएचडी अशीच आहे, अर्धा वेळ मायक्रोस्कोप अर्धा वेळ कोड, आणि आजूबाजूला हे बरेचदा बघितलंय की एका लॅबला तुम्ही म्हणजे फुकटात कोड लिहून देणारं कुणीतरी आणि दुसरीला डेटा आणून देणारं कुणीतरी. मग दोन-तीन वर्षांनी चार पेपरांत मधेच कुठंतरी नाव असतं पण स्वतःचा असा थीसिस उभाच राहत नाही. म्हणून प्रश्न तुमचा स्वतःचा हवा, आणि माझं मत विचाराल तर तो बायोलॉजीचाच हवा. 'पेशींच्या फोटोंवर मशीन लर्निंग वापरणार' हा प्रश्न नाही, ते टूल झालं. 'जखम भरताना पेशींना कुठल्या दिशेने सरकायचं हे कसं कळतं' हा प्रश्न, मग त्याला गणित लागो नाहीतर पिपेट.

आणि प्लीज, पहिलं वर्षभर तरी वेट लॅबमध्ये, म्हणजे जिथे पेशी आणि रसायनांवर हाताने प्रयोग होतात तिथे, स्वतः काम करा, पुढे सगळं काम कंप्युटरवरच करायचं असलं तरी. हॉजकिन आणि हक्सली यांची चेतातंतूतून विद्युत संदेश कसा जातो याची 1952 ची समीकरणं आपण मॉडेलिंगचा नमुना म्हणून शिकतो, पण स्क्विडच्या जाड चेतातंतूवर करंट मोजायचे प्रयोगही त्यांनीच केले होते (आणि समीकरणं सोडवायला हक्सली हाताने फिरवायचं कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते, आपण सर्व्हर स्लो झाला की चिडतो!). कुठला आकडा कशातून आला हे माहीत नसेल तर फिजिक्सवाला फार आत्मविश्वासाने चुकतो. फ्लोरोसन्स (प्रोटीनला लावलेल्या डायची चमक) हळूहळू कमी होताना दिसला की त्यावर सुंदर एक्स्पोनेन्शियल बसवायचा मोह होतो, आणि नंतर कळतं की प्रोटीनला काही झालेलं नाही, लेझरच्या प्रकाशाने डायच विझत चाललाय, त्याला फोटोब्लीचिंग म्हणतात. तसंच एका डिशमधल्या हजार पेशी मोजल्या म्हणून n, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, हजार होत नाही. प्रयोग एकदाच केलाय, तर n एकच. हे पुस्तकात वाचून पटतं पण अंगवळणी पडत नाही, स्वतः पेशी वाढवल्यावरच पडतं.

उलट दिशेने येणाऱ्यांचं, म्हणजे बायोलॉजीतून गणिताकडे वळणाऱ्यांचं, दुखणं वेगळं असतं, ते इथे नको.

गाईडबद्दल. दोन गाईड असणार असतील तर जॉइन व्हायच्या आधी दोघांना एकत्र बसवून विचारा, फेलोशिप संपली तर पैसे कुणाच्या ग्रँटमधून, परीक्षा आणि कोर्सेस कुठल्या डिपार्टमेंटचे, पेपरवर नावांचा क्रम कसा. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल पण बायोलॉजीत पहिलं आणि शेवटचं नाव महत्त्वाचं, शुद्ध गणितात बहुतेकदा आडनावाच्या अक्षरक्रमाने लावतात, कंप्युटर सायन्सवाल्यांना कॉन्फरन्समधला पेपर भारी वाटतो तर बायोलॉजीवाले जर्नलशिवाय काही धरत नाहीत. दोघांच्या 'चांगलं काम झालं' च्या कल्पनाच वेगळ्या असतात आणि मधे तुम्ही सापडता. माझ्या मते एक मुख्य गाईड आणि एक को-गाईड बरा, दोन समान मालक नकोत.

प्रोग्रॅममध्ये लॅब रोटेशन (गाईड ठरवायच्या आधी वेगवेगळ्या लॅबमध्ये थोडे थोडे दिवस काम करून बघणं) असेल तर एक रोटेशन मुद्दाम ज्यातलं काही येत नाही अशा लॅबमध्ये घ्या, काही आठवड्यांचाच मामला असतो, नाही आवडलं तर बाहेर पडता येतं. आणि ज्या लॅबचं मनात आहे तिथून याआधी अशीच मिश्र पीएचडी करून कुणी बाहेर पडलंय का ते शोधा, त्यांना मेल टाका, प्रोफेसरांच्या वेबसाइटपेक्षा तिथे खरं कळेल. कुणीच नसेल तर नाही म्हणू नका लगेच, पण को-गाईडचं वरचं सगळं मेलवर लेखी घेतल्याशिवाय हो पण म्हणू नका.