शॉपिफाय घेऊ की वूकॉमर्स?

ताई, गोधड्या ऑनलाइन विकायचं ठरवलंत, छान! शॉपिफाय (ऑनलाइन दुकान थाटून देणारी सेवा) 2006 साली कॅनडात सुरू झालं, तेही स्नोबोर्ड विकणाऱ्यांना मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून. आजही स्वतःचा ब्रँड आहे पण तांत्रिक माणूस हाताशी नाही, असे छोटे विक्रेते तिकडे वळतात. दरमहा पैसे भरायचे, सर्व्हरची कटकट त्यांची. वूकॉमर्स म्हणजे वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) दुकान जोडून देणारी सोय. ते फुकट, पण होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवर जागा), अपडेट, बॅकअप आपल्या गळ्यात. वर्डप्रेस येत असेल तरच घ्या.

सुरुवातीला हे टाळा:
- पहिल्याच आठवड्यात दुकानाला जादा सोयींची दहा ॲप जोडणं. महिन्याचं बिल फुगतं.
- पेमेंट गेटवेचं (गिऱ्हाइकाचे पैसे ऑनलाइन घेणारी सेवा) कमिशन किमतीत न धरणं. बाहेरचा गेटवे असला की शॉपिफाय स्वतःचंही शुल्क लावतं.
- लांबून काढलेले फोटो. धावदोऱ्याचा टाका न् टाका दिसू दे.

आधी पाचच गोधड्या चढवा. बाकीचं पहिली ऑर्डर आल्यावर बोलू.