आधी मोठा चार्ट, मग छोटा

एकाच शेअरचे वेगवेगळ्या कालावधींचे ६ चार्ट उघडून बसलात तर ६ वेगवेगळी मतं मिळतील. सुरुवातीला दोनच ठेवा. काही आठवडे शेअर धरायचा असेल तर साप्ताहिक आणि दैनिक. इंट्राडेचा, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचा, मोह आवरतच नसेल (आवरला तर बरंच) तर १ तासाचा आणि १५ मिनिटांचा.

मोठ्या, म्हणजे जास्त कालावधीच्या चार्टवर कल आणि सपोर्ट-रेझिस्टन्स (घसरता भाव जिथे सावरतो आणि चढता भाव जिथे अडतो त्या पातळ्या) बघायचे, छोट्यावर फक्त खरेदीची वेळ आणि स्टॉपलॉस (तोटा वाढू नये म्हणून ज्या भावाला बाहेर पडायचं तो). क्रम उलटा करू नका. मी पहिली दोन वर्षं नेमकं तेच केलं: ५ मिनिटांवर तेजी दिसली की उडी, आणि दैनिक चार्टवर तोच शेअर धडाधड खाली येत असायचा.

आणखी दोन ठिकाणी नवे लोक हमखास अडकतात:

- कँडल (चार्टवरची एका कालावधीचा भाव दाखवणारी पट्टी) बंद व्हायच्या आत निर्णय घेणं. शुक्रवारी सुट्टी नसेल तर साप्ताहिक कँडल त्या दिवशी ३:३० लाच पक्की होते. बुधवारी दिसलेला ब्रेकआउट (भावाने अडलेली पातळी ओलांडणं) तोवर पुसला जाऊ शकतो.
- तोटा दिसला की चार्ट बदलणं. १५ मिनिटांवर बघून घेतलेला सौदा 'दैनिकवर अजून ठीक आहे' म्हणत कुरवाळायचा नाही.

आपला बाजार ९:१५ ते ३:३०, म्हणजे ३७५ मिनिटं. त्यामुळे तासाच्या चार्टवरची शेवटची कँडल १५ मिनिटांचीच असते. ती बुटकी दिसली म्हणून अर्थ काढत बसू नका.

इंडिकेटरचं नंतर बोलू. आधी महिनाभर वहीत कागदी सौदे (खरे पैसे न लावता) करा आणि प्रत्येकासमोर मोठ्या चार्टचा कल लिहा.