पट्टी निळी पडली आणि ऑइलची टाकी मात्र भरलेलीच!

प्रश्न : माझ्याकडे 12 इंची पट्टीचं (जिच्या कडेवरून चेन फिरते ती) छोटं पेट्रोल चेनसॉ आहे, हापूसच्या वाळक्या फांद्या आणि पावसाच्या आधी थोडी जळाऊ लाकडं, एवढंच काम. हल्ली पेट्रोलच्या दोन टाक्या संपल्या तरी चेनचं ऑइल निम्म्याच्या वर शिल्लक असतं. कापताना धूर येतो, पट्टीची कड एका जागी निळसर झालीय. गॅरेजवाला म्हणतो पंप गेला, बदलून टाका. बदलू का? (एक बागायतदार, देवगड तालुका)

उत्तर : थांबा दादा, पैसे खिशातच राहू द्या. आधी मशीन बंद करा, कारण निळी पट्टी म्हणजे पोलाद तापून त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरायला लागलंय, असंच चालवत राहिलात तर पंप राहिला बाजूला, पट्टी आणि चेन दोन्ही नव्या घ्याव्या लागतील.

तुमचा हिशोब मात्र अगदी बरोबर आहे. या मशीनमध्ये दोन्ही टाक्यांची मापं अशी ठेवलेली असतात की पेट्रोल संपेपर्यंत ऑइलही जवळजवळ संपत यावं, तळाला थोडंसं उरावं. म्हणजे पेट्रोल भरताना दरवेळी ऑइलही भरायचं. दोन टाक्या पेट्रोल जळून ऑइल निम्मं राहतंय म्हणजे ते चेनपर्यंत पोचत नाहीये हे नक्की, पण का पोचत नाही हे पंपापासून शोधायला जाऊ नका, बाहेरून आत जा.

हे अनुभवाने सांगतोय. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर आमच्याकडे नुसती झाडंच झाडं आडवी, सगळ्यांची मशिनं दिवसरात्र चालू, त्यात माझ्याही मशीनचं ऑइल बंद झालं. दुकानदार म्हणाला पंप, मी घातला नवा पंप, आणि तरी ऑइल नाही! मग संध्याकाळी वैतागून पट्टी काढून उन्हाकडे धरून बघितली तर बुडाकडचं ते बारीक भोक पार बुजलेलं, भुसा आणि तेल मिळून त्याचं डांबरासारखं झालेलं. सायकलच्या स्पोकने टोचल्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा काळा गोळा निघाला आणि काम झालं. जुना पंप अजून डब्यात आहे, चांगला चालू.

तर करायचं असं. प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा, हातमोजे घाला, बाजूचं कव्हर काढा, चेन आणि पट्टी उतरवा. आत ओला भुसा दाबून बसलेला असेल तो जुन्या टूथब्रशने सगळा काढा. बॉडीला जिथे पट्टी टेकते तिथे ऑइल बाहेर येण्याची फट असते आणि पट्टीच्या बुडाला त्याच्या समोर येणारं भोक असतं. पट्टीला अशी भोकं दोन असतात, वरच्या कडेला एक, खालच्या कडेला एक, कारण पट्टी उलटसुलट लावता येते आणि लावावीही, म्हणजे एकच कड झिजत नाही. दोन्ही भोकं तारेने साफ करा. मग पट्टीची खाच, ज्यात चेनचे आतले दात फिरतात, ती हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने टोकाकडून बुडाकडे ओढत कोरून काढा. हे आतले दातच ऑइल पट्टीभर ओढून नेतात, खाच भरलेली असेल तर पंप कितीही दाबून ऑइल देवो, ते जागच्या जागी सांडतं.

आता सगळं जोडून परीक्षा घ्या. कव्हर उघडं ठेवून ‘बघू ऑइल येतंय का’ म्हणून मशीन सुरू करणारे बरेच आहेत, ते अजिबात करू नका, क्लच समोर फिरत असतो. त्यापेक्षा एक पांढरा पुठ्ठा किंवा ताजा कापलेला बुंधा घ्या, पट्टीचं टोक त्याच्यापासून वीतभर लांब धरा, जमिनीला लागू देऊ नका, आणि पाऊण रेस देऊन मिनिटभर चालवा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली की झालं. रेस न देता नुसतं चालू ठेवून बघाल तर काही दिसणार नाही, बहुतेक छोट्या मशीनचा पंप चेन फिरत असेल तरच फिरतो, तो बिघाड नाही.

रेघ नाही आली तर टाकीत जा. टाकी रिकामी करा, तारेचा आकडा करून आतली नळी बाहेर ओढा, तिच्या टोकाला छोटा फिल्टर असतो. तो पेट्रोलने धुवा, फारच काळा असेल तर नवा घाला, अगदी किरकोळ किमतीत मिळतो. नळी बोटांनी वाकवून बघा, चीर असेल तर ती ऑइलऐवजी हवा ओढते. आणखी एक गंमत म्हणजे झाकण जरासं सैल केल्यावर ऑइल यायला लागलं तर समजा टाकीत हवा जायचा रस्ता बुजलाय. (अशी परीक्षा मशीन आडवं न करता घ्या, नाहीतर चड्डी तेलात.)

एवढं सगळं करूनही कोरडंच असेल तर मग पंपाकडे बघू, आणि तिथेही आधी पंप नाही, त्याला फिरवणारा वर्म गिअर. छोट्या मशिनींत तो बहुतेक प्लास्टिकचा असतो. चेनब्रेक (चेन अडवून धरणारा ब्रेक) लावलेला असताना रेस दिली की क्लच तापतो आणि त्याच्यामागचा हा गिअर वितळून बसतो. ब्रेक काढायला विसरून रेस देणं ही सगळ्यांची सवय आहे, माझीही होती. क्लच उघडायचाच तर त्याची आटी उलटी असते हे लक्षात ठेवा, सवयीप्रमाणे फिरवलात तर आवळत जाईल आणि काहीतरी मोडेल, नाहीतर मेकॅनिककडेच द्या.

पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत पण मला शंका आहे की टाकीत जळकं ऑइल आहे, गाडीचं काढलेलं. कोकणात बरेच जण तेच घालतात, फुकट मिळतं ना! पण त्यात लोखंडाचा बारीक चुरा आणि काजळी असते, फिल्टर आणि पंप त्यानेच जातात. शिवाय हे ऑइल इंजिनसारखं आत फिरत राहत नाही, एकदा चेनवर आलं की उडालंच, भुशावर, बुंध्यावर, तुमच्या शर्टावर. म्हणजे तो काळा गाळ तुम्ही स्वतःच्याच बागेत शिंपडताय. चेनचं वेगळं ऑइल मिळतं, चिकट असतं म्हणून चेनवरून लगेच उडत नाही. ते नसेल मिळत तर नवीन 20डब्ल्यू40 इंजिन ऑइल वेळ मारून नेईल. 90 नंबर गिअर ऑइल घालणारेही आहेत, पण छोट्या पंपाला ते फार जड पडतं.

आणि हो, धूर नेहमी ऑइलचाच नसतो. खाली पडतंय ते बघा. टपोरे तुकडे पडत असतील तर चेनला धार आहे, पिठासारखी पूड पडत असेल तर चेन बोथट आहे, तुम्ही जोर लावून दाबताय आणि लाकूडच जळतंय. आधी कानस मारा.

प्रश्न : रात्री मशीन ठेवलं की सकाळी खाली ऑइलचं थारोळं. कुठून गळतं? (संगमेश्वर)

उत्तर : चार थेंब असतील तर सोडून द्या, ते पट्टीत आणि कव्हरमध्ये उरलेलं ओघळतं, खाली पुठ्ठा टाका. टाकीच रिकामी होत असेल तर झाकणाचा रबर बघा, मग नळी जिथे बॉडीत घुसते ती जागा. पत्र्याच्या शेडमध्ये भरलेली टाकी दुपारी तापली की आतली हवा फुगून ऑइल बाहेर ढकलते, म्हणून महिनाभर काम नसेल तर टाकी रिकामी करूनच ठेवा. चेनही काम झाल्यावर सैल करून ठेवायची, गरम असताना ताणलेली चेन थंड झाली की आखडते.

प्रश्न : घरचं खोबरेल भरपूर आहे, ते चेनला चालेल का? (एक ताई, सत्तरी, गोवा)

उत्तर : ताई, कल्पना वाईट नाही. युरोपात जंगलात वापरायला वनस्पती तेलापासूनच, म्हणजे रेपसीडपासून (मोहरीच्या जातीचं बी), चेनचं ऑइल बनवतात. पण खोबरेल 24-25 अंशांखाली गोठतं, डिसेंबरातल्या सकाळी तुमच्याकडे टाकीत लोण्याचा गोळा तयार होईल. आणि कुठलंही खायचं तेल महिनोन्‌महिने आत राहिलं की चिकट राळेसारखं होतं, पंप धरतो. रोजचं काम असेल, ऊन असेल, तर वापरा, पण ठेवायच्या आधी टाकी रिकामी करून थोडं चेनचं ऑइल घालून दोन मिनिटं चालवा.

प्रश्न : बॅटरीवरचं 6 इंची कटर घेतलं, ऑइलची टाकीच सापडत नाही. (सातारा)

उत्तर : बऱ्याच मॉडेलना ती नसतेच! बॅटरी काढा, चेनवर सगळीकडे थेंब थेंब ऑइल सोडा, मग बॅटरी लावून चालवा, आणि दर पाच-दहा मिनिटांनी परत. शिवणयंत्राच्या तेलाची रिकामी कुपी असते ना, चेनचं ऑइल भरून सोडायला ती उत्तम.